‘भाडं वाढलंय’ आणि ‘माल नाही’

आपल्या हॉस्टेलवर नवीन आलेल्या मुलाला पहिले आठ दिवस नीट झोप लागत नाही. एका बाजूला चिंचोटी–कामण–भिवंडी रस्त्यावरून रात्रभर जाणारे कंटेनर, दुसऱ्या बाजूला वसई–दिवा लाइनवरची लांबच लांब मालगाडी. पुढे याची इतकी सवय होते की सुट्टीत घरी गेल्यावर शांततेमुळे झोप येत नाही! मी स्वतः २०२१-२२ साली फायनल इयरला याच हॉस्टेलवर होतो, आता इथेच प्रॅक्टिकल घेतो. या गाड्यांमध्ये नेमकं काय असतं आणि त्याचा आपल्या खिशाशी काय संबंध, असा विचार चार वर्षांत कधी मनात आला नव्हता. तो विचार करायला आम्हाला एका चिपने भाग पाडलं. त्याचीच ही गोष्ट, आणि गोष्टीच्या निमित्ताने थोडा अभ्यास.

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या एकाचं घर भिवंडीला. वडिलांचे चार यंत्रमाग, सगळे जुने, साधे. अशा मागावर ताण्यातला धागा तुटला तरी माग थांबत नाही. कामगाराचं लक्ष जाईपर्यंत कापड विणलं जातं, ताग्यात दोष पडतो आणि व्यापारी मजुरीतून पैसे कापतो. म्हणून आम्ही ठरवलं, ताण्याखाली प्रकाशाचे सेन्सर बसवायचे, धागा तुटून लोंबला की मायक्रोकंट्रोलरने ओळखायचं आणि मोटर बंद करायची. सरांनाही विषय आवडला. वडिलांनी तर एक माग आमच्या हवाली करून टाकला. म्हणाले, “शिका याच्यावर, पण चालू झालं पाहिजे.”

२०२१ च्या दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि आम्ही खरेदीला निघालो. शेअर रिक्षाने नायगाव, तिथून लोकलने ग्रँट रोड, पुढे चालत लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने कोणी पत्ता विचारत नाही.) आम्हाला हवा होता एसटीएम३२ चिपचा छोटा निळा बोर्ड, ज्याला सगळे ‘ब्लू पिल’ म्हणतात. सीनियरने तो १८० रुपयांना घेतला होता. पहिल्या चार दुकानांत उत्तर मिळालं, “माल नाही.” पाचव्या दुकानात मिळाला, पण ६५० रुपयांना. मी विचारलं, “शेठ, एवढा कसा वाढला?” ते म्हणाले, “भाडं वाढलंय ना जहाजाचं! पेपर वाचत नाही का?”

आम्ही वाचत होतो. म्हणूनच ते लगेच पटलं. गप्प बसून ६५० मोजले.

हिशेब करून बघू

‘भाडं वाढलंय’ आणि ‘माल नाही’ ही दोन वाक्यं आपण एकाच अर्थाने ऐकतो. महागाई झाली, बस्स. पण हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. इंजिनियरने तरी आधी आकडा मांडावा.

भाडं खरंच वाढलं होतं. ड्र्यूरी ही संस्था दर आठवड्याला कंटेनर भाड्याचा निर्देशांक काढते. २०१९ साली चाळीस फुटी कंटेनरचं सरासरी भाडं सुमारे १,४२० डॉलर होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,३७७ डॉलरवर गेलं, म्हणजे सातपटीहून जास्त! हा निर्देशांक पूर्व आशिया, युरोप, अमेरिका अशा लांबच्या आठ मार्गांचा आहे. चीन ते न्हावा शेवा हा मार्ग त्यात नाही. तरी शेठची बाजू बळकट करायची म्हणून आपण हाच वाईटात वाईट आकडा धरू.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये व्यवहारात साधारण ६० घनमीटर माल बसतो असं समजू. डॉलर तेव्हाच्या भावाने ७४ रुपये. म्हणजे १,४२० डॉलर भाड्याला एका घनमीटरमागे सुमारे १,७५० रुपये पडतात आणि १०,३७७ डॉलरला सुमारे १२,८०० रुपये.

आता तीन वस्तू घेऊ.

१. आपला बोर्ड. खोका १० × ८ × ४ सेंमी. भाड्याचा वाटा आधी ५६ पैसे, नंतर सुमारे ४ रुपये १० पैसे.

२. हॉस्टेलवर गादीवर ठेवून वापरतो ते घडीचं टेबल. खोका ७० × ५० × १० सेंमी. आधी ६१ रुपये, नंतर ४४८ रुपये.

३. सायकल. खोका १४० × ७५ × २० सेंमी. आधी ३६७ रुपये, नंतर सुमारे २,६९० रुपये.

बघा गंमत! जहाजाचं भाडं हे खरं तर जागेचं भाडं आहे. वस्तू किती महाग आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ती किती जागा अडवते हे महत्त्वाचं. म्हणून भाडं वाढलं की आकाराने मोठ्या आणि किमतीने स्वस्त वस्तूंना सगळ्यात जास्त मार बसतो. प्लास्टिकचं फर्निचर, खेळणी, सायकली, घरगुती सामान. सामान्य गिऱ्हाईक भरडलं जातं ते इथे. एका कंटेनरमध्ये आपले बोर्ड मात्र एक लाख ८७ हजार मावतात! त्यांच्यावर भाड्याचा बोजा वाढून वाढून साडेतीन रुपयांनी वाढतो.

समजा शेठने माल जहाजाने न आणता विमानाने आणला. किलोला ६०० रुपये धरले तरी ३० ग्रॅमच्या बोर्डाला १८ रुपये पडतात. आम्ही जास्तीचे दिले ४७० रुपये. मग उरलेले साडेचारशे कसले?

ते टंचाईचे. आम्ही भाडं भरलंच नव्हतं, रांगेतला नंबर विकत घेतला होता.

सुएझ कुठे आणि आपण कुठे?

इथे हुशार विद्यार्थी एक शंका काढतो. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि २९ मार्चला सुटलं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली. पण शेनझेनहून न्हावा शेवाला येणारं जहाज सुएझला जातच नाही. ते मलाक्काच्या सामुद्रधुनीतून, श्रीलंकेला वळसा घालून येतं. मग आपल्याला त्याची झळ का?

उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये लिटलचा नियम असतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला. परीक्षेत आपण तो बँकेच्या रांगेवर सोडवतो, आता जहाजांवर सोडवू:

मार्गावर लागणारी जहाजं = दर आठवड्याला सुटणारी जहाजं × एका फेरीला लागणारे आठवडे

आशिया ते उत्तर युरोप आणि परत, ही फेरी साधारण १२ आठवड्यांची धरू. दर आठवड्याला एक जहाज सोडायचं तर ताफ्यात १२ जहाजं हवीत. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला की जाता-येता मिळून दोन-तीन आठवडे वाढतात. म्हणजे तोच माल, तोच आठवड्याचा फेरा, पण जहाजं लागतात १४ ते १५. ही जास्तीची दोन-तीन जहाजं येणार कुठून? दुसऱ्या मार्गांवरून काढूनच. कंटेनरचंही तेच. डबा समुद्रात जास्त दिवस राहिला की परत भरायला उशिरा मिळतो. जगात जहाजं तेवढीच आणि डबेही तेवढेच, पण ‘उपलब्ध’ कमी. त्यामुळे ज्या रस्त्यावर काहीच अडलेलं नाही तिथलं भाडंही चढतं. आपल्याकडे चिंचोटी फाट्यावर एक ट्रेलर बंद पडला की वसईतल्या गल्लीबोळांत गाड्या तुंबतात, तसंच हे.

आपल्या स्वतःच्या वाटेवरही अडथळे आले होतेच. शेनझेनच्या यांतियान बंदरात मे २०२१ च्या अखेरीस कोविडचे रुग्ण सापडले आणि जवळजवळ महिनाभर तिथलं काम रखडलं. लॅमिंग्टन रोडवर येणारा सुट्या भागांचा माल बराचसा याच शेनझेनच्या पट्ट्यातला.

पण भाड्याचा रोग तसा बरा होणारा आहे. नवी जहाजं येतात, मागणी थंडावते, भाव उतरतो. २०२३ च्या शरद ऋतूत तो निर्देशांक पुन्हा १,४०० डॉलरच्या आसपास, म्हणजे कोविडआधीच्या पातळीवर आला होता. तांबड्या समुद्रामुळे जुलै २०२४ मध्ये ५,९०० च्या घरात गेला, तिथूनही खाली आला. टंचाईचं मात्र असं नाही.

टंचाई म्हणजे रांग

चिपची टंचाई जहाजामुळे झाली नव्हती. २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर गाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घरबसल्या कामासाठी आणि ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉप-मोबाइलची मागणी उसळली. कारखान्यांनी रिकामी झालेली जागा त्यांना दिली. काही महिन्यांत गाड्यांची विक्री पुन्हा वाढली, पण तोवर रांगेतला नंबर गेलेला! त्यात एकामागून एक अपघात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम कंपनीचा कारखाना जळाला. ऑडिओच्या चांगल्या चिप तिथे बनत, त्यामुळे घरी अँप्लिफायर बनवणाऱ्या हौशी मंडळींची पंचाईत झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ आणि वीजबंदी, ऑस्टिनचे कारखाने बंद. १९ मार्च २०२१ ला रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्यात आग.

चिप म्हणजे वडापाव नव्हे की गर्दी वाढली म्हणून जास्त तळला. एका वेफरवर प्रक्रिया पूर्ण व्हायला साधारण तीन महिने जातात आणि नवा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं. शिवाय आपण वापरतो ते मायक्रोकंट्रोलर जुन्या तंत्रज्ञानाच्या लाइनवर बनतात. नवीन पैसा घालणारे मोबाइलच्या अत्याधुनिक चिपकडे धावतात, या जुन्या लाइनी वाढवायला फारसं कोणी उत्सुक नसतं.

रांग लागली की पुढचा प्रश्न, नंबर कोणाचा आधी? मारुतीसारख्या कंपनीलाही सप्टेंबर २०२१ मध्ये नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच उत्पादन होईल असं जाहीर करावं लागलं. जिओफोन नेक्स्ट त्या वर्षी गणेश चतुर्थीला, १० सप्टेंबरला बाजारात येणार होता, तो दिवाळीवर ढकलला गेला. एवढ्या मोठ्यांचे हे हाल, तर एक नग मागणाऱ्या विद्यार्थ्याला कोण विचारतो! रास्पबेरी पायचं उदाहरण बोलकं आहे. हा बोर्ड मुळात मुलांनी संगणक शिकावा म्हणून निघालेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या इतिहासात पहिल्यांदा किंमत वाढवली गेली, ३५ डॉलरचा २ जीबीचा बोर्ड ४५ वर गेला. पुढे २०२२ मध्ये कंपनीने उघड सांगितलं की आधी माल औद्योगिक गिऱ्हाइकांना देतो आहोत, कारण त्यांचा धंदा आणि लोकांची रोजीरोटी त्यावर आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ज्याच्यासाठी वस्तू बनवली तोच रांगेच्या शेवटी गेला हेही खरं.

हे फक्त जुनं प्रकरण समजू नका. २०२५ च्या अखेरीस मेमरीची टंचाई आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात रास्पबेरी पायच्या किमतीही पुन्हा वाढल्या. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून दोन वर्षं ढकलू म्हणणाऱ्या हॉस्टेलच्या मुलाला हे जहाजाचं भाडं म्हणून कोणी सांगितलं तर आता त्याने वरचा हिशेब काढून दाखवावा. रॅमची पट्टी बोर्डापेक्षा फार मोठी नसते.

मेसमधली पुरी

टंचाई सगळ्यांना सारखी लागत नाही, याचा दुसरा धडा आम्हाला मेसमध्ये मिळाला. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं. आपण सूर्यफूल तेल मोठ्या प्रमाणात तिथूनच आणत होतो. पाठोपाठ इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मे रोजी उठवली. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो, त्यामुळे भाव कडाडले. रविवारची पुरी-भाजी बंद झाली. आम्ही तक्रार केली तेव्हा मेसच्या मावशी म्हणाल्या, “पोरांनो, पुरी नाय तर पोळी खा. पोट भरल्याशी मतलब.”

मावशींनी एका वाक्यात अर्थशास्त्र सांगितलं. तेल महागलं तरी बाजारात होतं, आणि त्याला पर्याय होता. कमी वापरा, दुसरं वापरा, तळायचं ते भाजा. स्वयंपाकात रोज असं चालतं. आमच्या बोर्डाला पर्याय नव्हता, कारण आम्ही तो ठेवलाच नव्हता. सर्किटचा आराखडा, प्रोग्रॅम, पिनांची जागा, सगळं एकाच चिपला बांधलेलं. ज्याला पर्याय नाही त्याला मागेल ती किंमत द्यावी लागते. ग्राहकाचं खरं बळ पैशापेक्षा पर्यायात असतं.

आपणही हातभार लावतो

सगळा दोष जगावर टाकू नका. त्या वर्षी आमच्या बॅचने काय केलं ते ऐका. समजा साठ ग्रुप आहेत आणि प्रत्येकाला एकच बोर्ड हवा. खरी गरज ६०. पण मिळतो की नाही या धास्तीने प्रत्येकाने दोन दुकानांत सांगून ठेवलं आणि ‘एक जळला तर?’ म्हणून दोन-दोन मागितले. झाली मागणी २४०. दुकानदाराने वर वीस टक्के चढवून डीलरला २८८ सांगितले. डीलरला वाटलं, एवढी मागणी! त्याने भाव वाढवला. ते ऐकून उरलेलेही धावले. शेवटी माल आला तेव्हा प्रत्येकाने आपापला एक घेतला आणि बाकीचे बोर्ड दुकानात पडून राहिले.

याला चाबकाचा परिणाम म्हणतात. मुठीत जरासं हललं की चाबकाचं टोक केवढंतरी फेकलं जातं. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात कारखाना, घाऊक व्यापारी आणि दुकान यांच्या साखळीत हे कसं घडतं ते मांडलं. लिटलचा नियमही त्याच साली सिद्ध झाला, हा योगायोग. आपण मात्र दोन्ही गोष्टी परीक्षेपुरत्या वाचतो आणि पेपर संपल्यावर विसरतो.

बोर्डाचं पुढे काय झालं

तर ६५० चा बोर्ड घेऊन आम्ही आलो. प्रोग्रॅम चढवायला गेलो तर डीबगर म्हणे, चिपचा ओळख क्रमांक वेगळाच आहे. इंटरनेटवर शोधून एक सेटिंग बदललं, प्रोग्रॅम चढला, आम्ही खूश. भिवंडीला नेऊन मागाला जोडला. दहा मिनिटं चालला आणि धागा तुटलेला नसताना माग थांबला. परत चालू केला, परत थांबला. दिवसभर तेच. सेन्सर बदलले, वायरी बदलल्या, वीजपुरवठा तपासला. शेवटी सरांनी भिंगातून चिप बघितली. नाव एसटीचं, आत माल भलताच. अॅनालॉग वाचन इतकं डळमळीत की शांत उभ्या धाग्यालाही ती तुटलेला समजे.

टंचाईची ही सगळ्यात वाईट बाजू. महाग मिळणं परवडलं. माल नसतो तेव्हा नकली माल बाहेर येतो आणि गरजू माणूस तपासायला थांबत नाही. दुकानदारालाही कदाचित माहीत नव्हतं, त्याने वरून आला तो दिला. पण त्या एका दिवसात पार्टनरच्या वडिलांचं अख्ख्या पाळीचं काम बुडालं. ते काही बोलले नाहीत. चहा पाजला आणि आम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. आम्हाला ते बोलणं खाण्यापेक्षा जड गेलं.

मार्ग काढला आमच्या लॅब असिस्टंट काकांनी. त्यांच्या कपाटात जुन्या बॅचचे सोडून दिलेले प्रोजेक्ट होते, धूळ खात पडलेले. त्यातून एक एटमेगा चिपचा जुना बोर्ड निघाला, आठ बिटचा. आम्ही नाक मुरडलं. काका म्हणाले, “धागा तुटला की नाही एवढंच बघायचंय ना? त्याला बत्तीस बिट कशाला लागतात?” खरंच लागत नव्हते. तीन रात्री जागून प्रोग्रॅम नव्याने लिहिला. मे महिन्यात तो माग आमच्या बोर्डावर चालला, धागा तुटला की थांबला, वायवा पार पडली.

मग करायचं काय?

अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. सबमिशनच्या घाईत असाल तरी वाचा.

पहिली, आधी माल बघा, मग सर्किट काढा. आपण उलट करतो. आवडती चिप ठरवतो आणि नंतर बाजारात शोधतो. आराखड्याच्या कागदावरच प्रत्येक महत्त्वाच्या भागापुढे ‘हा नाही मिळाला तर कोणता?’ असा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर तिथे तुमचा प्रोजेक्ट अडणार हे समजा.

दुसरी, कोणी ‘भाडं वाढलंय’ म्हटलं तर खोक्याचं माप घ्या. कपाट, सायकल, कूलर असेल तर त्याचं म्हणणं बहुतेक खरं, थांबता आलं तर थांबा, भाडं उतरतं. मुठीत मावणारी वस्तू असेल तर ते भाडं नाही, टंचाई आहे. तिथे वाट बघण्यापेक्षा पर्याय शोधा.

तिसरी, ऑर्डर एकत्र द्या आणि खरी द्या. कुरिअरचा कमीत कमी आकार एक नग मागवला काय आणि दहा मागवले काय, जवळपास तोच असतो. साठ रुपये कुरिअर दहा जणांत वाटले तर माणशी सहा. जुलैमध्येच प्रत्येक डिव्हिजनने एक यादी करावी, प्रत्येकाने एकाच ठिकाणी आणि लागेल तेवढंच सांगावं. दुकानदाराच्या लेखी एक नगवाला विद्यार्थी कोणीच नसतो, साठ नगांची यादी आणणारा मात्र गिऱ्हाईक असतो. आलेला माल वेळेत तपासा, वायवाच्या आदल्या रात्री नको.

चौथी, काकांचं कपाट सगळ्यांचं करा. दरवर्षी पास झालेली बॅच प्रोजेक्ट कोपऱ्यात टाकून जाते. त्यातले बोर्ड, मोटरी, सेन्सर, डिस्प्ले काढून, तपासून, डब्यांवर नावं घालून ठेवले तर पुढच्या बॅचची निम्मी खरेदी कॉलेजातच होईल. या वर्षापासून आमच्या लॅबमध्ये आम्ही हे सुरू करतो आहोत. शनिवारी दुपारी दोघा-तिघांनी हात लावला तरी पुरे. सोल्डरिंग आपोआप सुधारेल तो वेगळाच फायदा!

आपल्या पालघर जिल्ह्यातच डहाणूजवळ वाढवण बंदर होऊ घातलंय. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि तो विषय स्वतंत्र लेखाचा. इथे सांगायचं एवढंच की बंदर मोठं झालं तर एक वेळ भाडं कमी होईल. पण जी चिप बनलीच नाही ती कुठल्याच बंदरात उतरत नाही.

शेवटी एक राहिलंच. वायवा झाल्यावर आम्ही तो बोर्ड मागावरच ठेवला. पार्टनरच्या वडिलांनी बराच वेळ तो चालताना बघितला. एकदा स्वतःच्या हाताने धागा तोडून बघितला, माग थांबला. मग त्यांनी एकच विचारलं, “बाळांनो, हा बिघडला तर असाच दुसरा कुठे मिळेल?”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तो बोर्ड कपाटातला शेवटचा होता. एक्सटर्नलनी वीस प्रश्न विचारले होते, त्यात हा नव्हता. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटी ‘भविष्यातील वाव’ लिहिण्याआधी या प्रश्नाचं उत्तर लिहा. आम्हाला तेव्हा देता आलं नाही.